चारमिनार : पाकिटावरचं चित्र आणि छातीतला धूर



मागच्या महिन्यात ओपीडीत एक मामा आले होते. वय ६८. दोन जिने चढले की थांबावं लागतं, सकाळी उठल्यावर अर्धा तास खोकला आणि बेडका, आणि गेल्या हिवाळ्यात तर आंघोळ करतानाही धाप लागायची. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"मामा, सिगारेट, बिडी?"

"होती साहेब. तीन वर्षं झाली, बंद आहे."

"त्याआधी किती वर्षं?"

"चाळीस धरा. दिवसाला पंधरा. पहिली अठरा वर्षं साधी, बिनफिल्टरची. मग तुमच्यातल्याच एका डॉक्टरांनी सांगितलं की सुटत नसेल तर निदान फिल्टरची घ्या. मी ऐकलं. बावीस वर्षं फिल्टरची ओढली. मग सांगा, ही धाप आली कुठून?"

ब्रँडचं नावही त्यांनी सांगितलं, आपलं गाव सांगावं तशा आपुलकीने. ते नाव इथे महत्त्वाचं नाही. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येईना, कारण त्यात शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो सांगायला मी आज एक वेगळं पाकीट घेतलं आहे, आपल्या मराठवाड्याच्या जुन्या राजधानीचं. चारमिनार.

चित्र आधी, सिगारेट नंतर

माझ्या वयाच्या वाचकांना ते पिवळसर पाकीट आठवत असेल. लहानपणी आम्ही रस्त्यावर पडलेली रिकामी पाकिटं गोळा करायचो, समोरचा भाग फाडून घ्यायचो आणि पत्त्यांसारखे खेळायचो. त्यात चार मिनारांचं चित्र असलेलं पाकीट हमखास असायचं. मी हैदराबादला जाऊन खरा चारमिनार पाहिला त्याच्या किती तरी आधी तो मला पाकिटावर भेटला होता.

चारमिनार ही वास्तू १५९१ साली मुहम्मद कुली कुतुबशहाने बांधली. ती का बांधली याविषयी वेगवेगळी मतं आहेत. सगळ्यांत लोकप्रिय गोष्ट अशी की शहरातली रोगाची साथ, काही जण म्हणतात प्लेगची, ओसरली त्याची आठवण म्हणून सुलतानाने ती उभारली. डॉक्टर म्हणून मला ही गोष्ट विसरता येत नाही. एक रोग संपला म्हणून बांधलेल्या वास्तूचं चित्र पुढे दुसऱ्या रोगाच्या पाकिटावर गेलं.

मधल्या काळात ते चित्र आणखी एका ठिकाणी होतं. निजामाच्या संस्थानाची स्वतःची रेल्वे होती, टपाल होतं आणि चलनही होतं, ज्याला आपले आजोबा हाली सिक्का म्हणायचे. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या रुपयावर चारमिनारच होता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे आपले जिल्हे १९४८ पर्यंत याच राज्यात होते. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी रेल्वे आपल्याच गावांमधून जायची. बाजारात, पगारात, महसुलात लोकांनी ते चित्र रोज हाताळलेलं होतं. अशा चित्राला वेगळी जाहिरात लागत नाही. नाण्यावरचा विश्वास पाकिटाला आयता मिळाला.

दख्खनमधून दिल्लीकडे गेलेला धूर

तंबाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली. तिचा इतिहास दख्खनशी अगदी सुरुवातीलाच जोडला गेला. १६०४ च्या सुमारास अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. तिची अपूर्वाई वाटून त्याने ती सुंदर नळीसह बादशहाला नेऊन दिली. अकबराने काही झुरके घेतले. दरबारातल्या हकिमाने मात्र हरकत घेतली. त्याचा मुद्दा असा की या वस्तूचा आपल्या वैद्यकाला अनुभव नाही, आपल्या ग्रंथांत ती नाही, मग बादशहाला ती कशी द्यायची? त्यावर असद बेगाने वाद घातला की फिरंगी लोकांत शहाणे लोक आहेत, ते वापरतात म्हणजे काही तरी विचार असेलच.

हा वाद चारशे वर्षं जुना आहे आणि तो मी ओपीडीत दर आठवड्याला ऐकतो. "इतके लोक ओढतात, त्यांना काही होत नाही" हे असद बेगाचंच म्हणणं आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. तो किती पाळला गेला हे आपण पाहतोच आहोत.

त्या काळी तंबाखू हुक्क्यातून, चिलमीतून ओढली जायची. विस्तव, चिलीम, पाणी, बैठक एवढा सरंजाम लागायचा, त्यामुळे दिवसभरात ओढण्याला आपोआप मर्यादा पडायची. ही मर्यादा मोडली ती एका यंत्राने.

हाताने वळलेली ते यंत्राने वळलेली

एकोणिसाव्या शतकात सिगारेट हाताने वळायचे. चांगला कारागीर दिवसाला तीनेक हजार वळायचा. १८८१ मध्ये जेम्स बॉनसॅक या अमेरिकन तरुणाला सिगारेट वळण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. ते दहा तासांत सुमारे १ लाख २० हजार सिगारेटी करायचं. आता अडचण माल तयार करण्याची उरली नाही, तो खपवण्याची झाली. ब्रँड, पाकिटावरचं चित्र आणि जाहिरात या गोष्टींना खरं महत्त्व आलं ते इथून.

१९०२ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन कंपन्यांनी मिळून ब्रिटिश अमेरिकन टोबॅको ही कंपनी काढली. १९१० मध्ये कलकत्त्यात इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया सुरू झाली, जी आज आयटीसी म्हणून ओळखली जाते. आंध्रातल्या गुंटूरच्या आसपास व्हर्जिनिया तंबाखूची लागवड वाढली. आणि १९३० मध्ये निजामाच्या राज्यात वझीर सुलतान टोबॅको कंपनीची नोंदणी झाली. तिचा कारखाना हैदराबादच्या आझमाबाद भागात. चारमिनार हे तिचं सर्वांत गाजलेलं नाव. १९८३ मध्ये कंपनीचं नाव व्हीएसटी इंडस्ट्रीज झालं.

या कंपनीत ब्रिटिश अमेरिकन टोबॅको समूहाचा मोठा हिस्सा राहिला आहे. म्हणजे पाकिटावर हैदराबादची वास्तू, नाव हैदराबादचं, ओढणारा 'ही आपल्याकडची' म्हणून ओढतो आणि भागभांडवलाचा एक धागा मात्र लंडनपर्यंत जातो. यात बेकायदेशीर काही नाही. पण 'आपली' या शब्दाचा हिशोब एकदा मांडून पाहावा म्हणून सांगितलं.

निजाम, फेलूदा आणि कोपऱ्यावरची टपरी

चारमिनार ही लहान, कडक, बिनफिल्टरची आणि स्वस्त सिगारेट होती. मजूर, कारकून, विद्यार्थी, रात्रपाळीचे कामगार यांची. शेवटचे निजाम त्या काळी जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांमध्ये गणले जायचे. तेही काटकसरीपोटी हीच स्वस्त सिगारेट ओढायचे, असं हैदराबादकर आजही सांगतात. गोष्ट खरी किती आणि रंगवलेली किती ते बाजूला ठेवू. जगातला श्रीमंत माणूस आणि रिक्षावाला एकच ब्रँड ओढतात, यापेक्षा मोठी जाहिरात कुठली कंपनी विकत घेऊ शकेल?

नाव हैदराबादपुरतं राहिलं नाही. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये फेलूदा हा बंगाली गुप्तहेर जन्माला घातला. तो चारमिनार ओढतो. कोलकात्याच्या मुलांनी हैदराबादची सिगारेट अशी गोष्टींतून ओळखली. आमच्या वसतिगृहातल्या एका बंगाली मित्राने पहिली सिगारेट ओढली ती विचार करताना फेलूदासारखं दिसावं म्हणून. विचार किती सुचले माहीत नाही, सवय मात्र लागली.

इथे थांबून एक वैद्यकीय गोष्ट सांगतो. पहिल्या सिगारेटने कुणालाच बरं वाटत नाही. ठसका लागतो, डोकं गरगरतं, मळमळतं. शरीर स्पष्ट नाही म्हणत असतं. मग माणूस दुसरी, तिसरी का ओढतो? मित्रांमुळे, एखाद्या नायकामुळे, मोठं झाल्याच्या भावनेमुळे. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत ओढायला लावतं ते नाव आणि चित्र. काही आठवड्यांत निकोटीन आपलं काम सुरू करतं. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोचतं, तिथे डोपामिन सुटतं, बरं वाटतं. मेंदूतले निकोटीनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर वाढतात आणि ते रिकामे राहिले की चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं सुरू होतं. पुढची सिगारेट ती बेचैनी घालवते आणि माणसाला वाटतं, हिने माझा ताण कमी केला. खरं तर तो ताण आधीच्या सिगारेटनेच तयार केलेला असतो.

त्याच काळात दवाखान्यांत काय चाललं होतं?

फुप्फुसाचा कर्करोग एके काळी इतका दुर्मीळ होता की तसा रुग्ण आला की प्राध्यापक सगळ्या विद्यार्थ्यांना बोलावून दाखवायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य देशांत तो झपाट्याने वाढला. कुणी मोटारींच्या धुराला दोष दिला, कुणी रस्त्याच्या डांबराला. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी, आणि अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी, रुग्णांची तुलना करून दाखवलं की दोष सिगारेटचा आहे. डॉल स्वतः सिगारेट ओढायचे. निष्कर्ष दिसू लागल्यावर त्यांनी ती सोडली.

मग १९५१ मध्ये या दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली. सुमारे ४० हजार डॉक्टरांनी आपण किती ओढतो ते कळवलं, आणि कोण केव्हा कशाने मरण पावतं याची नोंद पुढे पन्नास वर्षं ठेवली गेली. २००४ मधला निष्कर्ष असा, की आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. ज्यांनी साठीच्या सुमारास सोडली त्यांची तीन वर्षं वाचली, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ आणि तिशीत सोडणाऱ्यांची जवळपास सगळी दहा.

१९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने धोक्याचे अहवाल काढले. आपल्याकडे १९७५ मध्ये कायदा झाला आणि पाकिटावर सिगारेट आरोग्यास हानिकारक असल्याची एक ओळ आली. कुठे, तर पाकिटाच्या कडेला, बारीक अक्षरात. लहानपणी पाकिटांचे खेळ खेळताना आम्ही नेमका तो भाग फाडून टाकायचो, कारण त्यावर चित्र नव्हतं.

फिल्टरची चूक, ज्यात आम्हीही होतो

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो. धोक्याच्या बातम्या पसरल्यावर जगभरच्या कंपन्यांनी फिल्टर पुढे आणला. पुढे 'लाइट' आणि 'माइल्ड' आल्या. यंत्रात घालून मोजल्यावर त्यांच्या धुरात टार कमी भरायचं. लोकांना वाटलं, प्रश्न सुटला. अनेक डॉक्टरांनाही तसंच वाटलं, आणि त्यांनी रुग्णांना फिल्टरचा सल्ला दिला. साध्या सिगारेटी मागे पडत गेल्या, चारमिनारसारख्या जुन्या कडक नावांनाही फिल्टरची आवृत्ती काढावी लागली.

चूक कुठे झाली? यंत्र झुरके घेतं ते ठरावीक, एकसारखे. माणूस तसं करत नाही. त्याच्या मेंदूला निकोटीनची एक ठरलेली मात्रा हवी असते. धूर सौम्य झाला की तो नकळत जास्त खोल ओढतो, जास्त वेळ छातीत धरतो, जास्त झुरके घेतो. काही फिल्टरना हवा मिसळण्यासाठी बारीक छिद्रं असतात, ती बोटांनी किंवा ओठांनी झाकली जातात. शेवटी छातीत जायचं तेवढं जातंच, फक्त आणखी खोलवर. पूर्वी फुप्फुसाचा कर्करोग बहुधा मोठ्या श्वासनलिकांजवळ व्हायचा. नंतरच्या दशकांत कडेच्या बारीक भागात होणारा अॅडिनोकार्सिनोमा हा प्रकार वाढला. सिगारेटच्या बदललेल्या रचनेचा त्यात हात आहे असं आता मानलं जातं.

म्हणून मामांना मी सांगितलं, "मामा, त्या डॉक्टरांनी तुम्हाला फसवलं नाही. आमच्या सगळ्या व्यवसायाचीच तेव्हा फसगत झाली होती. पण तुमची ती बावीस वर्षं तुमच्या फुप्फुसांच्या हिशोबात पूर्ण धरली जातील."

ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी उगीच निश्चिंत होतो." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

स्वातंत्र्य, जीन्स आणि क्रिकेट

१९८० च्या दशकात याच हैदराबादच्या कंपनीची चार्म्स ही सिगारेट आली. पाकीट जीन्सच्या कापडासारखं निळं, आणि जाहिरातीचा सूर स्वातंत्र्याचा. चारमिनारच्या शहरी अभिमानाऐवजी आता तरुणाईचा मोकळेपणा विकायचा होता. एकदिवसीय क्रिकेटच्या मालिकांना 'चारमिनार चॅलेंज' आणि 'चार्म्स कप' अशी नावं मिळाली. इतर कंपन्याही मागे नव्हत्या. १९९६ चा विश्वचषक तर विल्स वर्ल्ड कप म्हणूनच ओळखला जातो, आणि आपल्या लाडक्या खेळाडूंच्या शर्टावर विल्सचं नाव होतं.

मी त्या काळात मेडिकल कॉलेजात होतो. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये शंभर पोरं सामना पाहायची आणि खोलीत धुराचा ढग असायचा. सकाळी आम्ही शवविच्छेदनात काळी पडलेली फुप्फुसं पाहिलेली असायची, संध्याकाळी त्याच हातात सिगारेट. मीही चार वर्षं ओढली. अभ्यासात मला सगळी कारणं माहीत होती. म्हणून रुग्ण "कळतं पण वळत नाही" म्हणतात तेव्हा मी रागावत नाही. सोडली ती एका रात्री वॉर्डात सीओपीडीचा रुग्ण माझ्यासमोर श्वासासाठी झगडत गेला, आणि त्याचा मुलगा माझ्या हाताला येणारा धुराचा वास घेऊन मागे सरकला तेव्हा. तो काही बोलला नाही.

कंपन्यांनी मुलांना 'सिगारेट ओढा' असं सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त नाव आपल्या आवडत्या गोष्टींच्या शेजारी ठेवलं. शहराच्या वास्तूशेजारी, गुप्तहेराशेजारी, चौकाराशेजारी.

पाकिटावरचं चित्र बदललं

२००१ मध्ये आयटीसीने भारतीय क्रिकेट संघाच्या प्रायोजकत्वातून माघार घेतली. २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा कायदा झाला, ज्याला कोटपा म्हणतात. जाहिरात आणि प्रायोजकत्व बंद झालं, १८ वर्षांखालच्या मुलांना आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला बंदी आली. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम कडक झाले. मे २००९ मध्ये पाकिटावर चित्ररूप इशारा आला आणि १ एप्रिल २०१६ पासून तो पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापणं सक्तीचं झालं.

आज कुठलंही पाकीट घ्या. मिनार असो, सिंह असो, मुकुट असो, त्याला कोपऱ्यात उरलेली थोडीशी जागा. बाकी सगळीकडे रोगाचं चित्र. ज्या जागेने शंभर वर्षं विश्वास विकला ती जागा इशाऱ्याने परत घेतली.

यातून एक पळवाट उरली होती, सुट्टी सिगारेट. टपरीवर एकच सिगारेट घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही, म्हणून इशाराही दिसत नाही. आणि शाळकरी मुलाला एकच परवडते. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्ट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. ती किती पाळली जाते, हे आपापल्या चौकातल्या टपरीवर पाहून घ्या.

हिशोब

भारतातला सर्वांत मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ लाख घरांमधल्या मृत्यूंची चौकशी करून संशोधकांनी अंदाज काढला की २०१० च्या दशकात धूम्रपानामुळे भारतात दरवर्षी सुमारे १० लाख मृत्यू होतील. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे दहा वर्षांनी कमी होतं, बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं सुमारे सहा आणि बिडी ओढणाऱ्या स्त्रियांचं सुमारे आठ वर्षांनी. 'बिडी नैसर्गिक असते' म्हणणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असते. धूम्रपान म्हणजे फक्त कर्करोग नव्हे. २००३ मध्ये तामिळनाडूतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये क्षयरोगाने मृत्यू होण्याचं प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आहे. त्याशिवाय हार्ट अटॅक, पक्षाघात, पायाच्या रक्तवाहिन्या बंद होणं, आणि मामांना झालेली सीओपीडी.

तुमचा स्वतःचा हिशोब असा काढा. रोजच्या सिगारेटींना २० ने भागा आणि ओढलेल्या वर्षांनी गुणा. आपल्याकडे पाकीट बहुधा दहाचं असतं, म्हणून पाकिटं मोजू नका, सिगारेटी मोजा. मामांचं गणित : १५ भागिले २०, गुणिले ४०, म्हणजे ३०. याला आम्ही ३० पॅक-इयर म्हणतो. आकडा जसा वाढतो तसा सीओपीडीचा आणि कर्करोगाचा धोका वाढतो. आकडा दहाच्या पुढे असेल आणि खोकला किंवा धाप असेल, तर डॉक्टरांना भेटून स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकण्याची तपासणी, जरूर करून घ्या. एक्स-रे चांगला आला म्हणजे फुप्फुसं चांगली, असं नसतं. बेडक्यातून रक्त, वजन उतरणं, आवाज बसून तीन आठवड्यांत न सुधारणं, यांपैकी काही असेल तर थांबू नका.

सोडायची असेल तर

• तारीख ठरवा आणि घरच्यांना सांगा. काडीपेटी, लायटर, राखदाणी आदल्या रात्री घराबाहेर.

• पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण असतात, दोन-चार आठवड्यांत त्रास बराच कमी होतो. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, चालून या, कुणाशी तरी बोला.

• निकोटीनची च्युइंगम किंवा पॅच उपयोगी पडतात. च्युइंगम साध्या गोळीसारखी सतत चघळू नका. हळू चावा, जीभ चुरचुरली की गालाच्या कोपऱ्यात ठेवा, मग पुन्हा चावा. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको.

• ब्यूप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लीन ही औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. फिट येण्याचा किंवा मानसिक आजाराचा इतिहास असेल तर आधी सांगा.

• १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे. फोन मोफत.

• सिगारेट सोडून तंबाखू, खर्रा, मिश्री सुरू करू नका. महाराष्ट्रात ओढण्यापेक्षा खाण्याचंच व्यसन मोठं आहे, आणि तोंडाचे कर्करोग आम्ही रोज पाहतो.

• पुन्हा ओढली गेली तर तो शेवट नाही. बहुतेक लोकांना एकाहून जास्त प्रयत्न लागतात. मलाही तीन लागले.

सोडल्यावर बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड जवळपास नेहमीच्या पातळीवर येतो. एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका ओढत राहणाऱ्याच्या जवळपास निम्मा होतो.

शेवटी मामांबद्दल

त्यांची स्पायरोमेट्री केली. सीओपीडी आहे, मध्यम स्वरूपाची. इनहेलर सुरू केले, फ्लू आणि न्यूमोनियाची लस दिली, रोज चालायचं आणि श्वासाचे व्यायाम सांगितले. गेलेली क्षमता पूर्ण परत येणार नाही हेही सांगितलं. पण तीन वर्षांपूर्वी ओढणं थांबवल्यामुळे पुढची घसरण मंदावली आहे, हे त्यांना कागदावरचा आलेख काढून दाखवलं. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, नातवाला दाखवतो. नातू अकरावीत आहे आणि त्याच्या शर्टाला अलीकडे वास येतो.

"साहेब, त्याला काय सांगू? माझं तो ऐकत नाही. म्हणतो, आजोबा तुम्ही तर साधी ओढली, माझी वेगळी आहे."

मी म्हटलं, "मामा, त्याला तुमच्या फिल्टरची गोष्ट सांगा. आणि पुढच्या वेळी येताना सोबत घेऊन या. मी रागावणार नाही."

परवा दोघं आले होते. नातू खाली मान घालून बसला होता. आम्ही अर्धा तास बोललो, त्यातला बराचसा वेळ क्रिकेटवर. जाताना त्याने विचारलं, "सर, ते नळीत फुंकायचं मशीन मला एकदा फुंकू द्याल?" दिलं. त्याचा आकडा उत्तम आला. तो आजोबांच्या कागदाशेजारी ठेवून तो बराच वेळ पाहत राहिला.

तुमच्याही घरात असा एखादा आजोबा आणि असा एखादा नातू असेल. दोघांना एकत्र घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.